बंद भट्टीतला आवाज

"नवस बोलावा तर झेपेल असा बोलावा," मामा म्हणाले. "थोरलीनं बोलला तो झेपण्यातला नव्हताच. तरी बोलून बसली. माणसापुढं गेलेला शब्द फिरवता येतो हो, देवापुढं गेलेला कसा फिरवणार?"

मामा खरं तर भाचेसुनेच्या गोळ्या द्यायला आले होते. पिशवी द्यायची, घोटभर पाणी प्यायचं आणि निघायचं, एवढंच. पण तेवढ्यात गल्लीतले दिवे गेले, आणि अंधारात पायऱ्या उतरायला त्यांचे गुडघे तयार होईनात. मग ते बाहेरच्या खोलीत खुर्ची ओढून बसले. समोर भाचा आणि त्याची धाकटी बहीण. आतल्या खोलीत भाचेसून आडवी होती. सातवा संपत आलेला, आणि डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलेलं.

"नवसाची नको मामा, भुताची सांगा," भाची म्हणाली. "अंधार फुकट कशाला घालवायचा?"

"आत ही जागी आहे गं," भाचा कुजबुजला. "काहीतरीच काय."

"आतल्या पोरीच्या कानावर गेली तरी चालेल अशीच आहे ही," मामा म्हणाले. "ऐकीव नाही बरं का. माझ्या ओळखीच्या घरात घडलेली. फक्त नावं विचारायची नाहीत. थोरली म्हणजे थोरली जाऊ, धाकटी म्हणजे धाकटी. तेवढ्यावर भागवा."

तर त्या दोघी जावा. नवरे सख्खे भाऊ, आणि दोघांची मिळून एक पावाची भट्टी. खाली भट्टी, वर बिऱ्हाड. भट्टीवाल्याच्या घराचं सगळं उलटं असतं. जग झोपतं तेव्हा ते घर उठतं. मध्यरात्र उलटली की खाली दिवे लागायचे, पीठ मळायचं यंत्र घरघरायला लागायचं, आणि मग सुरू व्हायचा तो आवाज. धप्… धप्… धप्. यंत्र कितीही चांगलं असलं तरी पिठाचा गोळा शेवटी हातानंच लाकडी टेबलावर आपटावा लागतो, नाहीतर पावात पोकळ भोकं राहतात, असं थोरला भाऊ म्हणायचा. गिऱ्हाईक भोकाचे पैसे देत नाही, हेही म्हणायचा.

थोरली लग्न होऊन आली तेव्हा सुरुवातीला त्या आवाजानं दचकून उठून बसायची. पुढं त्याचीच अंगाई झाली. इतकी, की माहेरी गेली तर तिला तिथल्या शांततेत झोप येत नसे. मुलं त्याच धपधपीत वाढली, शिकली, कामाला लागून परगावी गेली. धाकट्या दिराला तिनंच लहानाचा मोठा केला होता. त्यामुळं धाकटी घरात आली ती जाऊ म्हणून कमी आणि सून म्हणून जास्त.

धाकटीचं पहिलं पोटातलं तिसऱ्याच महिन्यात गेलं होतं. त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. मग दिवस राहिले, तेव्हा थोरलीनं तिला जिना उतरायलासुद्धा बंदी केली. धाकटी हसायची. "ताई, मी गरोदर आहे, काचेची नाही."

आणि एका सकाळी लाल दिसलं. थोडंसंच. दुखत-खुपत काही नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर बघितलं, मशीन बंद केलं आणि थोरलीला जवळ बोलावलं. "वार माहितीय ना तुम्हाला? बाळाला पोसते ती. ती पिशवीत वरच्या अंगाला चिकटलेली असायला हवी. हिची खाली आहे, अगदी तोंडावर. दारातच गादी टाकून कोणी झोपावं, तशी."

"मग बाळ बाहेर कसं येणार हो?"

"दारातून नाही येणार, ऑपरेशन करू. ती काळजी माझ्यावर सोडा. तुमची काळजी त्याच्या आधीची आहे." बाईंनी आवाज खाली आणला. "पुन्हा रक्त जाऊ शकतं. आणि कळ येणार नाही. झोपेत गेलं तर तिला पत्ताही लागणार नाही. एक डाग दिसला तरी घड्याळ बघायचं नाही, निघायचं."

काही दिवस त्यांनी दवाखान्यात ठेवून घेतलं. रक्त थांबलं, घरही जवळच होतं, म्हणून अटी घालून घरी सोडलं. उठायचं नाही, उचलायचं नाही. दाराशी गाडी तयार हवी. रक्त देणारं माणूस हाताशी हवं. आणि हिला एकटं सोडायचं नाही. समोर पाववाटप करणारा व्हॅनवाला राहत होता, त्यानं व्हॅनचं तोंड रस्त्याकडं करून ठेवलं. रक्त तपासलं तर दोन्ही भावांचं जुळेना, थोरलीचं जुळलं. तिला त्याचाच केवढा आनंद! चार शेजारणींना सांगून आली, "देवानं आमचं आधीच जुळवून ठेवलंय बघा."

पण त्या एका वाक्यानं तिची झोप उडवली ती उडवलीच. कळ येणार नाही. माणसाला दुखलं तर माणूस ओरडतं, घर जागं होतं. न दुखणाऱ्या दुखण्यावर पहारा कोणी द्यायचा?

त्याच संध्याकाळी तिनं देवापुढं दिवा लावला आणि बोलून गेली. धाकटीचं बाळ सुखरूप रडेपर्यंत मी रात्री अंथरुणाला पाठ टेकणार नाही.

थोरला म्हणाला, "अगं, तू काय चौकीदार आहेस?"

"हो," ती म्हणाली, आणि विषय संपला.

धाकटीच्या पलंगाशेजारी एक स्टूल, भिंतीला टेकवलेलं. अंथरुणाला पाठ टेकायची नाही असं बोलली होती, भिंतीचं काही बोलली नव्हती. देवाशी एवढी सवलत तिनं घेतली. हातात स्टीलची वाटी धरून बसायची. डोळा लागला की हात सैल व्हायचा, वाटी खणकन पडायची, ती जागी व्हायची. उठून बॅटरीच्या उजेडात चादर बघायची. कोरडी. बसायची. पुन्हा खण्ण. पुन्हा चादर. कधी वाटी पडायची वाट न बघताच उठायची, गॅलरीत जायची, व्हॅन जागेवर आहे ना बघायची, परत यायची, पाणी पिऊन भांडं उपडं घालायची आणि लगेच पुन्हा भरायची. सगळी रात्र पायाला भिंगरी.

"ताई, तू मला राखतेस की वाटीला?" धाकटी म्हणायची. "टेक की जरा पाठ. देव काय मोजपट्टी घेऊन बसलाय?"

"तो नसेल बसला. मी बसलेय," थोरली म्हणायची.

असे आठवडे गेले. थोरलीचे डोळे खोल गेले, हात थरथरायला लागले. दिवसा भाजी चिरता चिरता तिला झापड यायची. आता थोडेच दिवस, बाई ऑपरेशनची तारीख देणार होत्या. आणि आला तो डिसेंबरातला दुसरा रविवार. अमावास्येची आदली रात्र.

रविवारी भट्टी बंद असायची. त्यातून यंत्राचं एक चाक मोडलं होतं, म्हणून दोघे भाऊ ते घेऊन मोठ्या गावी गेले होते. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. "वहिनी, कारागीर म्हणतो सकाळी देतो. रिकाम्या हातानं येऊ का?"

"या रिकाम्या हातानं, आणि उद्या गावाला काय खायला घालणार?" थोरली म्हणाली. "राहा तिथंच. मी आहे ना."

गोळ्या संपत आल्या होत्या. दिवेलागणीला ती औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन यायला निघाली. तेवढा वेळ व्हॅनवाल्याच्या बायकोला धाकटीपाशी बसवलं. परत येताना कोपऱ्यावरच्या शिंपीण आजी दुकानाची फळी लावत होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण गल्लीतलं एकही माप विसरल्या नव्हत्या.

"दोघे भाऊ गेलेत म्हणे? आज तुम्ही दोघीच?"

"हो आजी."

"त्याच खोलीत निजवतेस तिला? भट्टीवरच्या?"

"हवेशीर आहे ती. का हो?"

आजींनी फळी खाली ठेवली. "रविवारी भट्टी बंद का ठेवतात, विचारलंस कधी कोणाला?"

थोरली हसली. "सुट्टी नको का माणसांना? आम्ही भट्टी विकत घेतली तेव्हापासून तशीच आहे वहिवाट."

"तुम्ही घेतलीत त्याच्या आधीच्या मालकापासून आहे ती. त्याची बायको रविवारी रात्री गेली ना, तेव्हापासून." आजी थांबल्या. सांगू की नको, असं झालं त्यांना. पण सुरुवात झाली होती. "तिलाही तुझ्या धाकटीसारखंच असणार. तेव्हा कोणाला ठाऊक, वार वर की खाली. दिवस भरत आलेले, वर एकटी निजलेली. रक्त जायला लागलं. हाक मारायचं त्राण नव्हतं, म्हणून पलंगावरून पाय खाली सोडून टाचेनं जमिनीवर ठोकत राहिली. कोणीतरी वर येईल म्हणून."

"मग? कोणी ऐकलं नाही?"

"ऐकलं की. खाली भट्टीवर सगळ्यांनी ऐकलं. धप्, धप्, धप्." आजींनी तळहात फळीवर आपटून दाखवला. "पण सगळे गोळेच आपटत होते ना गं. त्यांना वाटलं, आपलाच आवाज."

थोरलीनं गोळ्यांची पिशवी घट्ट धरली.

"आजच सांगायचं होतं का आजी?" ती म्हणाली.

"चुकलंच बाई माझं. जा घरी. आणि देवाचं नाव घे."

ती घेतच घरी आली. धाकटीला यातलं अक्षर सांगितलं नाही. दोघी जेवल्या. धाकटीनं बाळाचं नाव काय ठेवायचं यावर डोकं खाल्लं. थोरलीनं मान डोलावली, पण कान दुसरीकडंच होते. खालची भट्टी बंद. रस्त्यावर कुत्रं नाही. इतकी शांतता त्या घराला ठाऊकच नव्हती. धाकटीला झोप लागली. थोरलीनं चादर बघितली, गॅलरीतून व्हॅन बघितली, पुन्हा चादर बघितली. स्टुलावर बसली. वाटी हातात घेतली.

"मामा," भाचीनं मध्येच विचारलं, "ती वाटी पडली ना?"

"पडली," मामा म्हणाले. "पण तिला ऐकू नाही आली."

इतक्या आठवड्यांची झोप. ती काही वाटीला भिते का? थोरली स्टुलावर बसल्या बसल्या अशी गाढ झोपली की मान छातीवर लोंबली. आणि झोपेत तिला बरं वाटत होतं. खालून आवाज येत होता ना. तोच, रोजचा. धप्… धप्… धप्. यजमान खाली आहेत. भाऊजी खाली आहेत. गोळे चाललेत. पहाट व्हायला अवकाश आहे. झोपावं.

धप्… धप्…

आवाज संथ होता. रोजच्यापेक्षा संथ. दोन आवाजांमध्ये खंड पडत होता. आज पीठ घट्ट मळलंय वाटतं, तिच्या झोपेतल्या मनात आलं. यंत्रानं नीट…

यंत्र.

थोरलीनं डोळे उघडले.

यंत्र मोडलंय. यजमान गावी आहेत. आज रविवार.

धप्.

तिनं पलंगाकडं बघितलं. मिणमिणत्या दिव्यात धाकटी कुशीवर, शांत. श्वास चालू होता. मग थोरलीनं ते केलं जे भट्टीवाल्याच्या घरातली कोणीही बाई करेल. बॅटरी घेतली आणि खाली बघायला गेली.

जिन्याच्या पायऱ्या गार होत्या. भट्टीच्या दाराला कडी तशीच. तिनं ती काढली. बॅटरीचा झोत टेबलावर टाकला.

टेबल कोरडं. पुसून ठेवलेलं. पिठाचा कणसुद्धा नाही. पोती रांगेत. यंत्राच्या जागी नुसता सांगाडा.

कोणी नव्हतं.

धप्…

खालून नव्हता येत तो. कधीच खालून येत नव्हता.

वरून येत होता. तिच्या डोक्यावरून. छताच्या त्या भागातून… जिथं वर पलंग होता.

थोरलीचे दात वाजायला लागले. तिला एकच कळलं. ती आली. धाकटीला न्यायला आली. तिच्या मनात आलं, ओरडावं, रस्त्यावर पळावं, माणसं गोळा करावी. पण पायांनी तिचं ऐकलं नाही. भीती खाली राहिली आणि पाय वर गेले. जिन्यात तिच्या तोंडून देवाचं नाव नीट निघेना, अर्धंच निघायचं, पुन्हा सुरुवात करायची.

धप्… …

खंड मोठा झाला होता. जोर कमी झाला होता. जसं कोणी दमत चाललंय.

ती दारात पोचली.

आणि आवाज थांबला.

खोलीत कोणी नव्हतं. धाकटी होती तशीच निजलेली. दोन्ही पाय पांघरुणात. उशीवरचा चेहरा… फार पांढरा. थोरलीनं हाक मारली. "अगं…"

धाकटी "हं" म्हणाली आणि पुन्हा झोपली.

थोरलीनं पांघरूण ओढलं. बॅटरी रोखली.

चादर लाल होती. सगळी. गादीच्या कडेवरून थेंब थेंब जमिनीवर.

भाचीनं भावाचा दंड घट्ट धरला होता. आत भाचेसुनेची बांगडी वाजली, तेव्हा भाचा उठून आत डोकावला, बॅटरीच्या उजेडात चादर बघितली आणि परत येऊन बसला.

मग थोरलीला भूत आठवायला सवड कुठली? तिनं व्हॅनवाल्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. "हलू नकोस हं राणी, आलेच," एवढं म्हणून ती अनवाणी धावत समोर गेली आणि दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"माझी झोप म्हणजे…" मामा म्हणाले आणि थांबले. "म्हणजे त्या व्हॅनवाल्याची झोप हो. कुंभकर्ण परवडला. तो उठेपर्यंत, दार उघडेपर्यंत, त्याला चप्पल सापडेपर्यंत…"

"मामा, तो व्हॅनवाला म्हणजे तुम्हीच का?" भाची म्हणाली.

"नावं विचारायची नाहीत ठरलंय," मामा म्हणाले.

दोघं धावत वर आले. मधे वेळ गेला होता. थोरलीची खात्री होती की आता आपण काहीतरी भलतंच बघणार. पण धाकटी जागी होती. ओठ कोरडे, तरी शुद्धीवर. त्यांनी चादरीचीच झोळी केली, तिला खाली उतरवलं, व्हॅनमध्ये रिकाम्या पोत्यांवर निजवलं. व्हॅनला शिळ्या पावाचा वास येत होता. थोरली तिचे पाय मांडीवर घेऊन बसली आणि सगळ्या वाटेत एकच बोलत राहिली, "बोल माझ्याशी. काय नाव ठेवणार होतीस? बोल."

दवाखान्यात धावपळ उडाली. थोरलीनं आपण होऊन बाही वर केली. तिच्या दंडातून पिशवीत जाणारं रक्त बघताना तिला भोवळ आली नाही, उलट धीर आला. पहाट होता होता आतून एक रडं ऐकू आलं. बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. मुलगी. लवकर आली होती, इवलीशी होती, काचेच्या पेटीत ठेवावी लागणार होती. पण रडली होती.

थोरली तिथंच बाकावर आडवी झाली. तिला उठवायचा प्रयत्न कोणी केला नाही.

दोघे भाऊ सकाळी धावत आले. धाकटा काचेला नाक लावून उभा राहिला, तो हलेचना. संध्याकाळी धाकटी जरा बोलायला लागली. डॉक्टरबाई तिला तपासता तपासता म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. आणि रक्त एवढं जाऊनही ही शुद्धीवर राहिली. ती सांगते तुम्ही पलंग पायाकडून उंच केला होता. हे कोणी सुचवलं तुम्हाला? बरं केलंत."

"मी?" थोरली म्हणाली.

"तूच ना गं," धाकटी क्षीण हसली. "मला डोक्याकडं घसरल्यासारखं होत होतं, उठायला लागले तर माझे पाय दाबून धरलेस. केवढे गरम हात होते तुझे. मी म्हटलं, ताई, चटका बसतो. तर काही बोलली नाहीस."

थोरलीचे हात त्या वेळी समोरच्या दारावर आपटत होते. आणि ते बर्फासारखे गार होते.

ती बाईंकडं बघून नुसती "हो" म्हणाली.

रात्री कपडे न्यायला ती थोरल्याबरोबर घरी आली. जिना चढताना तिनं त्याचा सदरा धरून ठेवला होता, लग्न झाल्यावर पहिल्यांदाच. खोली तशीच होती. दिवा लावला. थोरला पलंगाशी गेला आणि वाकला.

"हे काय घातलंयस खाली?"

लोखंडी पलंग. दोघा पुरुषांनाही हलवायला जड. त्याचे पायथ्याकडचे दोन्ही पाय उचललेले होते. प्रत्येकाखाली एकावर एक विटा.

"विटा कुठून आणल्यास?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं.

थोरला गुडघ्यावर बसला. विटा जुन्या होत्या. एका अंगाला काजळी, दुसऱ्या अंगाला वर्षानुवर्षं आग खाऊन काच चढल्यासारखी चकाकी. तशी वीट फक्त एकाच ठिकाणी होते, भट्टीच्या पोटात. पण त्यांची भट्टी लोखंडी होती, गॅसवरची. विटांची जुनी भट्टी आधीच्या मालकानंच पाडली होती, बायको गेल्यावर. तिचा राडारोडासुद्धा त्या घरात कोणी पाहिलेला नव्हता.

"बाहेरून आणल्या असतील कोणी," थोरला स्वतःशीच म्हणाला आणि वीट चाचपायला हात पुढं केला. तो तसाच मागं घेतला. बायकोकडं बघितलं.

थोरलीनं हात लावला.

वीट गरम होती. पाव काढून घेतल्यावर भट्टी असते, तशी. भट्टी शनिवारपासून विझलेली. आणि वीट… गरम.

थोरलीला रडू फुटलं. भीतीचं नाही. ती तिथंच जमिनीवर बसली, विटेवर तळहात ठेवून, आणि म्हणाली, "बाई गं, मला वाटलं न्यायला आलीस." पुष्कळ वेळानं नवऱ्याला म्हणाली, "देवाला सगळीकडं पोचायला होत नसेल हो. मग ज्याला ती वाट ठाऊक असते, त्याला पाठवतो."

मामांनी पाण्याचा घोट घेतला. गल्लीत अजून अंधारच होता.

"ती छोटी?" भाच्यानं विचारलं.

"शाळेत जाते. बडबडी आहे, आईवर गेलीय."

"आणि विटा?" भाचीनं विचारलं. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

मामा काठी चाचपत उठले, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, तिथूनच म्हणाले, "झोप गं बाळा, सगळं नीट होणार आहे." मग परत वळून भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थोरलीनं बोलला तसा नवस तुम्हीही बोला पोरांनो. बाळ रडेपर्यंत हिच्यापाशी कोणीतरी जागं राहील, एवढाच. पण एकट्यानं नका बोलू. एकट्या माणसाला झोप लागते, कितीही माया असू दे. आधी तू बस, मग तुझी बहीण बसेल, पहाटे मी येतो. आणि एक ऐका माझं. रात्री एखादा आवाज आला, अगदी रोजचा, ओळखीचा, आपल्याच घरातला वाटला… तरी उठा. उठून एकदा बघून या."